झागोरीची गावं ओस का पडताहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या भिंती, निळे घुमट आणि समुद्र येतो. मी बोलत असते ते ग्रीसच्या डोंगरातल्या गावांबद्दल. ऐकणारा माणूस दोन-चार मिनिटांत ठरलेल्या प्रश्नांवर येतोच: लोक गेले कुठे, घरं स्वस्तात मिळतात का, सरकार काय करतं. तेच ते सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदा लिहून काढलं. सगळ्या ग्रीसबद्दल एका दमात बोलण्यात अर्थ नाही. एकच मुलूख धरलाय.

झागोरी नेमकं कुठे आहे?

ग्रीसच्या वायव्येला, इपिरस प्रांतात, पिंडस पर्वताच्या उतारांवर. अल्बेनियाची सरहद्द जवळ. 'झागोरी' हा शब्द मुळात स्लाव्ह भाषेतला, अर्थ 'डोंगरापलीकडचं'. पलीकडचं म्हणजे योआनिना या तळ्याकाठच्या शहरातून बघता डोंगराच्या पलीकडचं. विकोस नावाची खोल दरी आणि तिच्या आजूबाजूला विखुरलेली 46 गावं. घरं दगडी, रस्ते दगडी, छपरंही दगडी. मातीची कौलं नाहीत, पातळ करड्या फरश्या एकावर एक रचलेल्या. चौकात चिनाराचं झाड, काश्मीरचा चिनार तोच हा. त्याच्या सावलीत चर्च आणि कॉफीचं दुकान.

2023 मध्ये युनेस्कोने या मुलखाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. आता 2011 च्या जनगणनेचा आकडा बघा: अख्ख्या झागोरी नगरपालिकेत 3,724 माणसं. क्षेत्रफळ जवळजवळ एक हजार चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला चार माणसंसुद्धा नाहीत.

एकेका गावात खरोखर किती जण राहतात?

हे कोणत्या तारखेला विचारताय त्यावर आहे. 15 ऑगस्टला चौकात उभं राहायला जागा नसते. फेब्रुवारीत मोजायला गेलात तर कित्येक गावांत दोन्ही हातांची बोटंही लागणार नाहीत. मी धुरांडी मोजते. संध्याकाळी पाच वाजता ज्या धुरांड्यातून धूर येतोय, त्या घरात माणूस आहे. एका गावात मी साठेक छपरं मोजली होती. धूर सात घरांवर.

सरकारी आकडाही जरा जपूनच वाचावा. अथेन्समध्ये जन्म काढलेल्या माणसाचंही नाव बऱ्याचदा आजोबांच्या गावच्या दप्तरात असतं आणि मतदानाला तो तिकडे जातो. पूर्वीच्या जनगणनांच्या वेळी तर लोक बस भरभरून गावी जात, का तर गावचा आकडा वाढावा आणि सरकारी निधी तुटू नये. 2021 ची जनगणना मात्र बरीचशी ऑनलाइन झाली.

लोक गेले कधी? आणि का?

लोक नेहमीच जात होते, हे आधी लक्षात घ्या. इथेच बहुतेकांची गल्लत होते. एकेकाळी भरभराटीला आलेलं गाव, मग गरिबी आली आणि पोरं शहरात पळाली, अशी सरळ गोष्ट इथे लागू पडत नाही.

ऑटोमन तुर्कांच्या काळात या गावांना करात आणि कारभारात बरीच मोकळीक होती, पण जमीन खडकाळ. पोरगा हाताशी आला की त्याला बाहेर धाडायचा रिवाज. कोणी बुखारेस्टला, कोणी इस्तंबूलला, कोणी ओदेसाला, कोणी अलेक्झांड्रियाला. व्यापारी, कारागीर, कारकून. विकोस दरीतल्या झाडपाल्यावर औषधं देणारे वैदू तर 'विकोयात्री' म्हणून बाल्कन देशांत दूरवर ओळखले जात. काही वर्षांनी यायचं, लग्न लावायचं, पुन्हा निघायचं. या जाण्याला ग्रीकमध्ये 'क्सेनित्या' म्हणतात. परमुलूख, परकेपण आणि ताटातूट, तिन्ही एकाच शब्दात. इपिरसची कितीतरी लोकगीतं याच एका शब्दाभोवती फिरतात.

ती दगडी घरं, ते पूल, त्या शाळा या बाहेरच्या पैशातून उभ्या राहिल्या. मोनोदेंद्री गावचे रिझारिस बंधू रशियात व्यापार करून गबर झाले. त्यांच्या पैशातून 1844 मध्ये अथेन्समध्ये धर्मशिक्षणाची शाळा निघाली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शेतीवर हे गाव कधी चाललंच नाही. चाललं ते घरी परतणाऱ्या माणसावर, आणि तो परतेपर्यंत घर उघडं ठेवणाऱ्या बाईवर.

विसाव्या शतकात ही साखळी कडी-कडीने तुटली. 1913 मध्ये इपिरसचा हा भाग ग्रीसमध्ये आला. स्वातंत्र्य मिळालं, पण जुन्या साम्राज्याची मोठी बाजारपेठ सरहद्दींमागे गेली. 1917 च्या रशियन क्रांतीत तिकडचा व्यापार बुडाला. 1940 च्या ऑक्टोबरात इटलीने अल्बेनियातून हल्ला केला तो इथूनच. 1943 मध्ये जर्मन फौजांनी इथली कितीतरी गावं जाळली. त्यापाठोपाठ 1946 ते 1949 यादवी युद्ध, आणि तेही याच डोंगरांत. जळलेलं घर पुन्हा बांधायचं की अथेन्सची वाट धरायची, असा प्रश्न घराघरात होता. 30 मार्च 1960 ला ग्रीस आणि पश्चिम जर्मनीत कामगारभरतीचा करार झाला आणि तिसरी वाटही उघडली: स्टुटगार्ट, म्युनिक, कारखाना.

जाणं जुनंच होतं, पण या खेपेला बायका आणि मुलंही गेली. मग पैसे पाठवायचे कोणाला आणि परत यायचं कोणाकडे?

बायकांनी गाव सोडलं म्हणून गाव बुडालं, असं म्हणायचंय का?

दोष देत नाहीये. उलट. आस्प्रांगेली गावात 'पिंडसच्या बाई'चा पुतळा आहे. 1940 च्या हिवाळ्यात इथल्या बायकांनी दारूगोळ्याच्या पेट्या पाठीवर बांधून बर्फातून सैनिकांपर्यंत पोहोचवल्या, त्याची ही आठवण. पुतळा छानच आहे. पण मला प्रत्येक वेळी वाटतं, की ओझं त्या बायकांना नवं नव्हतंच. सरपण, पाणी, चारा, जात्यावरचं पीठ, सगळं रोज त्याच पाठीवरून. नवरा सात वर्षं बुखारेस्टला आणि सासू घरात. क्सेनित्याची गाणी ऐकून आपण हळवे होतो, पण तिचा हिशोब चुकता करत होती मागे राहिलेली बाई.

त्या बाईच्या मुलीला अथेन्समध्ये नळ आणि लिफ्ट असलेला फ्लॅट दिसला तर ती जाणारच. तेव्हा अथेन्समध्ये 'आंदिपारोही' नावाची पद्धत जोरात होती: जागामालक बिल्डरला जमीन देणार, बिल्डर बदल्यात मालकाला काही फ्लॅट देणार. आपल्याकडच्या पुनर्विकासाची चुलत बहीण म्हणा. त्यातून भराभर इमारती उठल्या, बांधकामावर गावची पोरं लागली आणि त्याच इमारतींत भाड्याने राहिली. आज देशातल्या सुमारे एक कोटी पाच लाख लोकांपैकी 38 लाख एकट्या अथेन्सच्या आत्तिकी प्रांतात राहतात.

रस्ता, वीज वेळेवर आली असती तर लोक थांबले असते?

व्रादेतोचं उदाहरण घ्या. हे झागोरीतलं सर्वांत उंचावरचं गाव, सुमारे 1,340 मीटरवर. खालच्या कापेसोवोहून तिथे जायला कड्यात बसवलेला दगडी जिना, नागमोडी, हजाराहून जास्त पायऱ्यांचा. शतकानुशतकं तीच वाट. धान्य, आजारी माणूस, नवरी, सगळं त्याच पायऱ्यांवरून. 1970 च्या दशकात गाडीरस्ता आला, तेव्हा वापरायला माणसंच थोडी उरली होती. जी होती त्यांतली बरीच सामान घेऊन त्याच रस्त्याने उतरली. आज जिन्यावर ट्रेकिंगवाल्यांची वर्दळ असते आणि वर हिवाळ्यात चिटपाखरू नसतं.

म्हणून रस्ता नको होता असं नाही. उशिरा आला, एवढंच.

शाळा चालू आहेत का?

मोठ्या गावांत एखादी. बाकीच्या इमारती आहेत, मुलं नाहीत. कापेसोवोची शाळा 1861 ची, गावच्याच एका धनिक घराण्याच्या देणगीतून झालेली, भक्कम दगडी. ग्रीक क्रांतिकारक लेखक रिगास फेरेओसने व्हिएन्नात 1797 मध्ये छापलेल्या बारा पानी नकाशाची मूळ प्रत त्या शाळेत आहे. लोक नकाशा बघायला येतात. घंटा वाजत नाही.

हे देशभराचंच दुखणं. 2022 मध्ये ग्रीसमध्ये सुमारे 76 हजार मुलं जन्मली आणि एक लाख चाळीस हजार माणसं गेली. 2025 च्या शरद ऋतूत शाळा उघडल्या, तेव्हा पुरेशी मुलं नाहीत म्हणून देशात 700 हून अधिक शाळांना कुलूप लागलं.

शाळा हा गावाला धरून ठेवणारा शेवटचा खिळा. कॉफीचं दुकान बंद झालं तर माणूस घरी कॉफी करून पितो. शाळा बंद झाली की तिशीतलं जोडपं त्याच उन्हाळ्यात योआनिनात भाड्याचं घर बघतं, आणि एक जोडपं गेलं की पुढची दहा वर्षं गेली. म्हणूनच मध्य ग्रीसमधल्या एव्रितानियाच्या डोंगरातल्या फुर्ना गावात शिक्षिका आणि पाद्री यांनी मिळून मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना जाहीर साद घातली, 'इकडे या, घर शोधायला मदत करू.' काही कुटुंबं गेलीही.

दुकान, दवाखाना, पोस्ट?

दुकान चार चाकांवर येतं. भाजीची गाडी, पावाची गाडी, मासळीची गाडी, छतावर भोंगा. गाडी कोणत्या वारी येते ते म्हाताऱ्यांना तोंडपाठ. दवाखान्याचं म्हणाल तर 1968 पासून नव्या डॉक्टरांना काही काळ ग्रामीण भागात काम करायचा कायदा आहे, त्यातून एखादा तरुण डॉक्टर अनेक गावांना मिळून मिळतो. पाद्रीही तसाच, एका रविवारी एक गाव.

पोस्टाबद्दल न बोललेलं बरं. गावात बातमी कळते ती विजेच्या खांबावर. कोणी गेलं की नाव, वय आणि दफनाची वेळ छापलेला कागद खांबावर डकवतात. कित्येकदा माणूस गेलेला असतो अथेन्समध्ये आणि त्याला पुरायला गावी आणतात. एरवी बंद असलेलं घर त्या दिवशी उघडतं.

घरं रिकामी आहेत तर विकून का टाकत नाहीत?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याचं मला नेहमी नवल वाटतं. सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर बावीस नावं ज्याने पाहिली आहेत, त्याला झागोरी समजावून सांगायला नको. आजोबांचं घर, चार मुलं, त्यांची अकरा मुलं. एक मेलबर्नला, दोघे जर्मनीत, एकीचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. घर सगळ्यांचं मिळून, अविभक्त. विकायला सगळ्यांच्या सह्या हव्यात, दुरुस्तीला एकाचाही पैसा पुढे येत नाही. मग आधी छपराची एक फरशी सरकते, पाणी तुळईत मुरतं, दोन-तीन हिवाळ्यांनी तुळई वाकते आणि एका रात्री बर्फाच्या भाराने छप्पर खाली. दगडी भिंती मात्र वर्षानुवर्षं तशाच उभ्या. आत अंजीर उगवतं.

शिवाय कोणी विकायला तयार झालाच तरी मनातून विकायचं नसतं. 'पोरं निवृत्त झाल्यावर येतील' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय.

एक युरोत घर मिळतं म्हणे?

ते इटलीत. झागोरीत नाही. इथलं जुनं घर स्वस्त तर नाहीच, दुरुस्ती त्याहून महाग, कारण ही गावं संरक्षित आहेत. छपराला फरशीच हवी, खिडकीचा आकार बदलायचा नाही, आणि फरशीचं छप्पर नीट बसवणारे गवंडी थोडेच राहिलेत. अँटिकिथिरा बेटावर येणाऱ्या कुटुंबाला चर्चच्या पुढाकाराने दरमहा 500 युरो मिळणार, ही बातमी मध्यंतरी आपल्या व्हॉट्सॲपवरही फिरली. ते बेट काही डझन माणसांचं आहे आणि योजना मुलं असलेल्या मोजक्या कुटुंबांपुरती होती. 'ग्रीस सरकार पैसे वाटतंय' असं काही नव्हतं.

भारतीय माणूस तिथे राहायला जाऊ शकतो का?

पैसा असेल तर 'गोल्डन व्हिसा' आहे, म्हणजे मालमत्ता घेऊन मिळणारा राहण्याचा परवाना. 2024 पासून अथेन्स, थेसालोनिकी आणि मोठ्या बेटांवर आठ लाख युरोंची, इतरत्र चार लाखांची मालमत्ता घ्यावी लागते. जुनी वारसा-इमारत दुरुस्त करणाऱ्याला सवलत आहे, त्याचं अडीच लाखांत भागतं. कागदावर झागोरीसाठी हे चपखल वाटतं. पण असा व्हिसा घेणारा माणूस फेब्रुवारीत धुरांडं पेटवायला येत नाही.

भारतीय कामगार ग्रीसमध्ये आहेतच, मुख्यतः पंजाबी, तेही सखल भागातल्या शेतांवर.

पर्यटनाने गाव वाचतंय ना?

घरं वाचताहेत, गावाबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. सरकारी पर्यटन संस्थेने 1970 च्या दशकात जुनी घरं दुरुस्त करून अतिथिगृहं करायचा कार्यक्रम काढला, त्यात इथलं पापिंगो होतं. ते चाललं. आज पापिंगो, मोनोदेंद्री, आरिस्तीत शनिवार-रविवारी जागा मिळत नाही. छपरं शाकारलेली, फुलांच्या कुंड्या, न्याहारीला झागोरीची पातळ पिठाची 'आलेव्रोपिता'. पीठ, अंडी आणि फेटा चीजचं सरबरीत मिश्रण तेल लावलेल्या मोठ्या परातीत अगदी पातळ पसरून भाजतात, कडा कुरकुरीत होईपर्यंत. खाऊन बघाच.

पण सोमवारी सकाळी मालकही योआनिनाला परततो, कारण त्याची मुलं तिथे शाळेत. आणि पूर्वेकडची गावं, जिथून दरीचा देखावा दिसत नाही, तिथे हे पर्यटन पोहोचतच नाही. युनेस्कोची पाटी लागल्याने चिनार आणि चौक जपले जातील. पाटीमुळे बाळंतपण होत नाही.

मग आज तिथे कामं कोण करतं?

1991 नंतर अल्बेनियातून आलेली माणसं बऱ्याच प्रमाणात. दगडकाम, मेंढ्या, लाकूडतोड, म्हाताऱ्यांची देखभाल. ज्या नव्या दगडी भिंतींचे पर्यटक फोटो काढतात, त्यांतल्या कित्येक अल्बेनियन गवंड्यांच्या हातच्या. ग्रीसच्या कितीतरी गावांत शाळा चार वर्षं जास्त टिकली ती त्यांच्या मुलांमुळे. याची कबुली चौकात सहजी मिळत नाही. 2010 नंतरच्या आर्थिक संकटात त्यांतलेही बरेच निघून गेले, आणि ग्रीसचे स्वतःचे चार लाखांहून अधिक लोकही.

सरकार काहीच करत नाही का?

करतं, पैशाच्या भाषेत. मूल झालं की 2020 पासून 2,000 युरो, 2024 पासून ते कितवं मूल यावर 2,400 ते 3,500 युरो. 1,500 पेक्षा कमी वस्तीच्या गावांत राहत्या घरावरचा मालमत्ता कर 2026 मध्ये निम्मा आणि 2027 पासून माफ, अशी 2025 मध्ये घोषणा झाली. वाईट नाही. पण 2010 च्या 'कालिक्रातिस' कायद्याने देशातल्या नगरपालिका एक हजाराहून 325 वर आणल्या, तेव्हा डोंगरातल्या छोट्या गावांचं स्वतःचं कार्यालय, स्वतःचा कारकून गेला. पाण्याची पाइप फुटली तर फोन चाळीस किलोमीटरवर. हा बदल पैशाने भरून येणारा नाही, असं माझं मत.

माणसं गेली तर निसर्गाला बरंच ना?

अस्वलांना विचाराल तर हो. पिंडसमध्ये तपकिरी अस्वल आहे, रानडुकरं तर फारच. पण पायऱ्यांची शेतं झाडोऱ्याने गिळली, बकऱ्यांनी मोकळी ठेवलेली कुरणं बुजली आणि वाळलेला पाला साचला की वणव्याला खाऊ मिळतो. गंमत म्हणजे इथली सर्वांत जुनी झाडं माणसांनीच राखली. गावाच्या वरच्या उतारावर देवराया असत. तिथे कुऱ्हाड चालवली तर धर्माबाहेर टाकण्याची शिक्षा. कारण व्यवहारी: ते रान तुटलं तर दरड आणि बर्फ थेट घरांवर.

15 ऑगस्टला एवढं काय असतं?

मरियेचा सण. ग्रीसभर गावोगावी जत्रा, 'पानिगीरी'. आपला चाकरमानी गणपतीला जसा येतो तसे सगळे येतात, अथेन्सहून, जर्मनीहून. इपिरसचं वेगळेपण असं की वाजंत्री नाचाच्या गाण्याने सुरुवात करत नाहीत. आधी क्लॅरिनेटवर 'मिरोलोयी', मेलेल्यांसाठीचा विलाप. टेबलांवर त्सिपुरो नावाची दारू आलेली असते, कोणी उठत नाही, कोणी बोलत नाही. मग संथ नाच, चिनाराभोवती गोल, हातात हात, वयाने मोठे पुढे. पहाटेपर्यंत. 20 ऑगस्टला गाड्या भरतात. महिनाअखेर धुरांडी पुन्हा मोजण्याइतकी.

जायचं झालं तर कधी जावं?

फोटो हवे असतील तर मे किंवा ऑक्टोबर. गाव बघायचं असेल तर हिवाळ्यात, एखाद्या अतिथिगृहाला आधी फोन करून, कारण बरीच बंद असतात. गाडीच्या टायरना साखळ्या घ्या, रोख पैसे ठेवा. कॉफीच्या दुकानात शिरलात की मधोमध लाकडाची शेगडी, तीन-चार म्हातारे, टीव्हीचा आवाज. तुम्ही बसायच्या आत कोणीतरी विचारेल, 'तीनोस ईसे?' म्हणजे 'तू कोणाची?' अनोळखी माणूस इथे हिवाळ्यात आला म्हणजे कोणाची तरी नातच असणार, असं ते धरून चालतात. मी भारतातून आलेय म्हटल्यावर म्हातारबाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'लांबून आलीस. पण कोणाकडे?'